पाच नंबरची सब्बल

मंडळी, बऱ्याच वीकांतांनी लिहितोय. हापिसातल्या एका रिलीजने जीव काढला होता. आता जरा मोकळा झालोय, तर वर्षभर डोक्यात घोळणारा एक विषय काढून टाकतो. विषय आहे मासे धरायच्या काठीचा. थांबा, पळू नका! मासे खात नसाल तरी चालेल. मुद्दा शेवटी छापील आकड्यावर किती विश्वास ठेवायचा हाच आहे.

तर झालं असं. दोनेक वर्षांपूर्वी मला फ्लाय फिशिंगचं खूळ लागलं. आपण लहानपणी पाहिलेल्या गळापेक्षा हा प्रकार वेगळा. साध्या गळाला शिसं लावतात, त्या वजनाने दोरी लांब जाते. फ्लाय म्हणजे पिसं आणि दोरे बांधून केलेला खोटा किडा. त्याला वजन जवळजवळ नसतंच. त्यामुळे इथे दोरीच जाड आणि वजनदार असते. हवेत मागेपुढे फिरणारी ही दोरी आपल्या वजनाने काठी वाकवते, काठी सरळ होताना तिला पुढे फेकते, आणि किडा बिचारा दोरीमागून फुकट प्रवास करतो.

तयार काठ्या महाग, म्हणून स्वतःच बांधायची ठरवली. नऊ फुटी ब्लँक मागवला. ब्लँक म्हणजे कार्बन फायबरची नुसती निमुळती पोकळ नळी. तिला बुचाची मूठ चिकटवायची, रीळ बसवायची खोबण लावायची, दोरी जाण्यासाठी कड्या दोऱ्याने गुंडाळून बांधायच्या आणि त्या दोऱ्यावर इपॉक्सी चढवायचं. इपॉक्सी घट्ट होईपर्यंत काठी हळूहळू फिरती ठेवावी लागते, नाहीतर सगळं एका बाजूला ओघळतं. त्यासाठी बिघडलेल्या मायक्रोवेव्हच्या तबकडीची मोटर वापरली. (मायक्रोवेव्ह आधीच बिघडलेला होता की नाही यावर घरात अजून एकमत नाही. :-) )

ब्लँकवर कंपनीने '५' छापलं होतं. मी इमानदारीत ५ नंबरची दोरी घेतली. आणि पुढचं वर्षभर सोसायटीच्या लॉनवर रात्री सराव करून वॉचमनचं मनोरंजन केलं. दोरी वीस फुटांवर जाऊन ढीग व्हायची. शंभर व्हिडिओ पाहिले, मनगट बदललं, उभं राहणं बदललं. काठीवर ५, दोरीवर ५, म्हणजे उरला कोण? मीच. आपल्याला हे जमणार नाही असं ठरवून काठी विकायची जाहिरातही लिहून ठेवली होती.

मग दिवाळीत आजोळी गेलो. नाकाडोंगरी, तालुका तुमसर, जिल्हा भंडारा. मध्य प्रदेशच्या सीमेजवळचं गाव. आजूबाजूला जंगल, धानाची शेती, जवळच डोंगरी बुजुर्गची मँगनीजची खाण आणि दोन्ही राज्यांच्या सीमेवरून वाहणारी बावनथडी नदी. काठी सोबत नेली होती, शेवटचा प्रयत्न म्हणून.

मामाच्या ओळखीचे एक ढिवर समाजातले म्हातारे गृहस्थ आहेत. आजोळचे म्हणून मी त्यांना मामाजी म्हणतो, ते मला भाचे म्हणतात. आयुष्य जाळ्यात आणि गळात गेलेलं. त्यांनी माझी दहा मिनिटं चाललेली झटापट काठावर बसून शांतपणे पाहिली. मग काठी हातात घेतली, टोकाला दोन बोटं लावून वाकवून पाहिली आणि म्हणाले, "हे काठी नोहे भाचे, सब्बल आहे सब्बल. वाकतच नाही, तं दोरी फेकंल कसी?"

सब्बल म्हणजे पहार. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी.

मी त्यांना काठीवरचा ५ दाखवला. त्यांनी तो पाहिला, मान हलवली आणि विचारलं, "हे कोनं मोजलं?"

मंडळी, या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. सॉफ्टवेअरमध्ये इतकी वर्षं घासली. डॉक्युमेंटेशनमध्ये लिहिलंय म्हणजे कोड तसाच चालतो, असं कुणी ज्युनियर म्हणाला तर मी त्याला टेस्ट लिहायला बसवतो. आणि स्वतः वर्षभर एका छापील आकड्यावर विसंबून स्वतःलाच डिबग करत होतो!

पुण्याला परत आल्यावर खोदकाम सुरू केलं, आणि जे कळलं ते थक्क करणारं होतं. दोरीच्या ५ ला व्याख्या आहे. काठीच्या ५ ला नाही.

जरा इतिहास सांगतो. पूर्वी फ्लायच्या दोऱ्या रेशमाच्या असत आणि त्यांना जाडीवरून अक्षरं दिलेली असत. एच म्हणजे इंचाचे २५ हजारांश, ई म्हणजे ४०. दोन्ही टोकं बारीक आणि पोट जाड असलेली दोरी झाली 'एच-ई-एच'. सगळ्या दोऱ्या रेशमाच्या होत्या तोवर हे ठीक चाललं, कारण जाडी सारखी म्हणजे वजनही साधारण सारखं. मग नायलॉन आलं, पीव्हीसीचा लेप आला. जाडी तीच, पण वजन वेगळं. अक्षरं एका रात्रीत निरर्थक झाली. म्हणून १९६० च्या सुमारास अमेरिकेतल्या मासेमारी साहित्य उत्पादकांच्या संघटनेने वजनावर आधारित मानक आणलं. दोरीच्या पहिल्या ३० फुटांचं वजन करायचं. ४ नंबर म्हणजे १२० ग्रेन, ५ म्हणजे १४०, ६ म्हणजे १६०, ७ म्हणजे १८५, ८ म्हणजे २१०. ग्रॅममध्ये सांगायचं तर ५ नंबरचे ३० फूट सुमारे ९ ग्रॅम भरतात आणि ७ नंबरचे सुमारे १२.

हे झालं दोरीचं. काठीवर ५ लिहिणारा माणूस फक्त एवढंच सांगत असतो की 'माझ्या मते हिच्यावर ५ नंबरची दोरी चांगली चालेल'. कुणाच्या हातात? किती अंतरावर? ते लिहिलेलं नसतं. म्हणजे काठीवरचा आकडा हे मोजमाप नव्हे, ते मत आहे. आणि मतं फॅशनप्रमाणे बदलतात. दुकानाबाहेर लांबवर दोरी फेकून दाखवायला ताठ काठी बरी पडते, म्हणून काठ्या ताठ होत गेल्या. मग त्या ताठ काठ्या वाकाव्यात म्हणून अनेक कंपन्या दोऱ्या मानकापेक्षा अर्धा-एक नंबर जड करायला लागल्या, पण खोक्यावर नंबर तोच. म्हणजे व्याख्या होती तिथेही गोंधळ. शर्टाच्या 'एल' साइजसारखंच. कुठल्या कंपनीचा एल, ते विचारल्याशिवाय अर्थ नाही.

यावर उपाय एका अमेरिकन गृहस्थाने, विल्यम हॅनिमन यांनी, २००३ च्या सुमारास मांडला होता. नाव 'कॉमन सेंट्स'. काठी आडवी पक्की धरायची, टोकाला पिशवी लटकवायची आणि टोक काठीच्या लांबीच्या एक तृतीयांश खाली येईपर्यंत तीत एक सेंटची नाणी टाकत राहायची. नाण्यांची संख्या म्हणजे काठीचा जोर. नवीन सेंटचं वजन अडीच ग्रॅम असतं, त्यामुळे जगात कुणीही मोजलं तरी उत्तर एकच. झाली की युनिट टेस्ट!

मी उत्साहात रुपयाची नाणी जमवली आणि तोंडावर आपटलो. १९९२ नंतरचा स्टीलचा मोठा रुपया ४.८५ ग्रॅमचा, २०११ च्या मालिकेतला ३.७९ ग्रॅमचा आणि २०१९ नंतरचा ३.०९ ग्रॅमचा. सगळ्यांवर लिहिलेलं आहे '१'. दोरीच्या अक्षरांची जी गत झाली, तीच माझ्या पिशवीची झाली. नाव तेच, वजन वेगळं.

शेवटी नाणी सोडली आणि मामाने दिलेले तांदूळ घेतले. पद्धत अशी:

काठीची मूठ टेबलाच्या कडेला घट्ट बांधा, काठी जमिनीला समांतर ठेवा. मागच्या भिंतीवर टोकाच्या उंचीची खूण करा. नऊ फुटी काठी म्हणजे १०८ इंच, तिचा एक तृतीयांश ३६ इंच. तेवढी खाली दुसरी खूण करा. टोकाला हलकी पिशवी अडकवा आणि टोक दुसऱ्या खुणेवर येईपर्यंत हळूहळू तांदूळ घाला. मग पिशवी अडकवणीसकट स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवा. संपलं. दहा मिनिटांचं काम आहे आणि तांदूळ वाया जात नाहीत.

मित्राची एक जुनी ५ नंबरची काठी आहे, माझ्यासारख्या नवशिक्याच्या हातातही गोड चालणारी. तिला ११२ ग्रॅम लागले. माझ्या ५ नंबरला लागले १६०! जवळजवळ दीडपट. मामाजींनी दोन बोटांनी जे सांगितलं होतं, ते काट्याने कबूल केलं.

आता दुसरी बाजू. मानक ३० फुटांचं आहे, पण बावनथडीच्या डोहांवर मी दोरी टाकतो १५ फूट. म्हणजे काठीच्या टोकाबाहेर ९ ग्रॅम नसतातच, जेमतेम साडेचार. तेही पुरते नाहीत, कारण दोरीचं पुढचं टोक निमुळतं असतं. ताठ काठी आणि त्यावर अर्धी दोरी, मग वाकणार काय कपाळ? उलट धरणाच्या पसरट पाण्यावर कुणी ५० फूट दोरी हवेत धरत असेल, तर त्याच काठीला तीच दोरी जड होईल. म्हणजे काठी आणि दोरीची जोडी कंपनी लावू शकतच नाही. तिसरा भिडू तुमचं पाणी आहे, आणि ते कंपनीने पाहिलेलं नसतं.

मी नवीन काठी घेतली नाही. ७ नंबरची दोरी मागवली. पहिल्याच संध्याकाळी लॉनवर दोरी सरळ गेली. वॉचमनने टाळ्या वाजवल्या.

आता आक्षेप. एका आकड्यात काठी मावत नाही, असं जाणकार म्हणतात आणि ते खरं आहे. दोन काठ्या १६० ग्रॅमवाल्या असतील, पण एक फक्त शेंड्याला वाकेल आणि दुसरी मुठीपर्यंत. हातात दोन्ही वेगळ्या लागतील. (हॅनिमननीही म्हणून जोडीला टोकाचा कोन मोजायला सांगितलं आहे.) हाताची लकब, वेग हेही असतंच. मान्य. पण यातलं काहीही छापील '५' सुद्धा सांगत नाही. अपुरं मोजमाप आणि न केलेलं मोजमाप यांत मी पहिलं निवडेन. चुकलं तर निदान कुठे चुकलं ते तरी सापडतं.

दुसरा आक्षेप असा की म्हाताऱ्यांच्या हाताला कळतं, मग मोजायचं कशाला? तर त्या हाताला ते फुकट कळलेलं नाही. मामाजी गळाची काठी निवडताना मानवेल बांबू घेतात. भरीव, चिवट, लाठीचा बांबू. पाच-सहा काठ्या बुंध्याशी धरून शेंड्याला तोच एक दगड बांधून पाहतात आणि कुठली कुठून वाकते ते बघतात. अहो, हीच तर कॉमन सेंट्स! फक्त नाण्याऐवजी दगड. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतले काठी बनवणारे आपल्याकडचा बांबू 'कलकत्ता केन' या नावाने मागवून, चिरून, पट्ट्या चिकटवून काठ्या करत. तो बांबू बहुधा मानवेलच असावा असं जाणकार मानतात. पुढे चीनच्या ग्वांगडोंगमधला टॉन्किन बांबू आला आणि आपला मागे पडला. पण बांबूवर तर कुणी आकडा छापून देत नव्हतं. प्रत्येक कांडं वाकवूनच बघावं लागे. आकडा छापून मिळायला लागला आणि वाकवून बघायची सवय गेली, असं माझं मत आहे.

आणि नुकसान नुसत्या पैशांचं नाही. चुकीच्या आकड्यामुळे माणूस स्वतःला नालायक समजून छंद सोडून देतो. मी सोडलाच होता. काठी विकली असती तर पुढच्या गिऱ्हाईकानेही वर्षभर स्वतःलाच दोष दिला असता.

तेव्हा माझं म्हणणं सरळ आहे. ब्लँक विकणाऱ्यांनी नंबर खुशाल छापावा, पण शेजारी ग्रॅमही छापावेत. ते छापत नाहीत तोवर काठी बांधणाऱ्याने मूठ चिकटवायच्या आधी तांदूळ लटकवावेत आणि दोरी त्यानंतरच घ्यावी. विकत घेणाऱ्याने दुकानात निःसंकोच विचारावं, हे कोणी मोजलं?

जाता जाता एक सूचना. हे वाचून भंडाऱ्याकडे काठी घेऊन निघाला असाल, तर तिकडचे तलाव बहुतेक मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेले असतात. त्यांच्या पोटाचा प्रश्न आहे. आधी विचारा, मगच गळ टाका.

आणि हो, माझ्या काठीवरचा ५ मी खरवडून काढलाय. तिथे मार्करने '१६० ग्रॅम' लिहून वर इपॉक्सीचा हात दिलाय. उन्हाळ्यात नाकाडोंगरीला नेली तेव्हा मामाजींनी पुन्हा दोन बोटांनी वाकवून पाहिली. "आताही सब्बलच आहे," म्हणाले, "पन आता तुले माहीत तं आहे."

असो. भेटू पुढच्या वीकांती.