एल्वा नदीतले गळ अजून थांबायला हवेत

अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यात, वॉशिंग्टन राज्यात ऑलिंपिक पर्वतरांगांतून निघणारी एल्वा नदी जेमतेम ७२ किलोमीटर लांबीची. डोंगरातून उत्तरेला धावत ती पोर्ट एंजलिस शहराजवळ समुद्राला मिळते. खोऱ्याचा बहुतेक भाग राष्ट्रीय उद्यानात असल्याने वरचं जंगल आणि पाणी शाबूत राहिलं. पॅसिफिक सॅमनच्या पाचही जाती इथे अंडी घालायला चढत.

१९१३ मध्ये मुखापासून अवघ्या आठ किलोमीटरवर पहिलं धरण झालं. धरणात माशांना वाट ठेवलीच पाहिजे, असा राज्याचा कायदा तेव्हाही होता. तो बाजूला सारून मत्स्यबीज केंद्राचा तोडगा निघाला आणि दहा वर्षांच्या आत ते केंद्रही बंद पडलं. १९२७ मध्ये वरच्या घळीत ६४ मीटर उंचीचं दुसरं धरण आलं. नदीकाठच्या क्लालम लोकांना १८५५ च्या तहाने मासेमारीचा हक्क मिळाला होता. हक्क कागदावर तसाच राहिला, मासे मात्र आटत गेले. एका जमातीचं अन्न हिरावून वीज बनवणं हा उघड अन्याय होता.

तो दुरुस्त व्हायला फार वर्षं लागली. अमेरिकन संसदेने १९९२ मध्ये कायदा केला. २०११ ते २०१४ दरम्यान दोन्ही धरणं टप्प्याटप्प्याने पाडली गेली. मागे साचलेला गाळ सुमारे दोन कोटी घनमीटर होता. त्यातला बराचसा वाहून मुखाशी आला आणि तिथे नवी वाळूची किनारपट्टी तयार झाली.

सर्वांत सुखद धक्का दिला तो स्टीलहेडने. हा मासा म्हणजे समुद्रात जाऊन परतणारा रेनबो ट्राउट. धरणांच्या वर अडकलेले ट्राउट पिढ्यानपिढ्या नदीतच राहिले होते. वाट मोकळी होताच त्यांचा वंश पुन्हा समुद्राकडे निघाला आणि उन्हाळ्यात परतू लागला. चिनूक सॅमनचं तसं झालेलं नाही. परतणाऱ्या चिनूकमध्ये बहुसंख्य मासे अजून मत्स्यबीज केंद्रात जन्मलेले असतात.

म्हणूनच २०११ पासूनची मासेमारी बंदी वारंवार वाढवली गेली, आणि ते योग्यच झालं. २०२३ मध्ये क्लालम जमातीला धार्मिक विधी आणि पोटापुरते कोहो सॅमन धरण्याची मर्यादित मुभा मिळाली. हौशी गळवाल्यांना ती नव्हती. हा क्रम न्याय्य आहे: ज्यांचं ताट रिकामं झालं, त्यांचा घास आधी. हौशी मासेमारांच्या परवान्यांमुळे गावात पैसा येतो हे खरं, पण बंदीला किती वर्षं झाली हा ती उठवण्याचा निकष होऊ शकत नाही. दोन्ही धरणांच्या जागा ओलांडून वर पोहोचणारे, नदीतच जन्मलेले चिनूक किती, हे मोजूनच तो निर्णय व्हावा.