मोकळा झाला म्हणे!

गेल्या पाडव्याला आमच्या महालातल्या घरी फराळाला आलेले एक गृहस्थ चकलीचा तुकडा मोडता मोडता म्हणाले, "काही म्हणा जी, तुमच्या दादानं हुशारी केली. दिवाळं काढलं अन् मोकळा झाला!" सणाचा दिवस, दारी आलेला पाहुणा आणि आत वहिनी चहा गाळत होती. मी गप्प बसलो. ते गप्प बसणे वर्षभर मला डाचत आहे. तेव्हा जे बोललो नाही, ते आज लिहितो.

दादाचे इतवारीत कापडाचे लहानसे दुकान होते. ते कसे बुडाले ही रडकथा मी सांगत बसणार नाही. दोन वाईट हंगाम आणि एक मोठी थकलेली उधारी एवढ्याने चांगले चालते दुकान बसते, हे इतवारीत कोणालाही विचारावे. प्रश्न पुढचा आहे. दादा मोकळा झाला काय?

बुडालेला व्यापारी भर दिवसा दुकानात दिवा लावून ठेवी, त्यावरून दिवाळे हा शब्द आला असे म्हणतात. खरे-खोटे कोशकार जाणोत. पण त्या दिव्यात एक सरळपणा होता. येणाऱ्याला उंबऱ्यावरच सारे कळे. आजच्या नागपूरकराला हा दिवा लावायचा तर तो 1920 च्या प्रांतिक नादारी कायद्याखाली. मुंबई, कलकत्ता, मद्रास या शहरांना 1909 चा वेगळा कायदा, बाकीच्यांना हा. नागपूर मध्यप्रांताची राजधानी होते, 1956 साली ते मुंबई राज्यात गेले, 1960 साली महाराष्ट्रात आले. राज्ये बदलली, कायदा तोच राहिला, आणि त्यातले आकडेही तेच. पाचशे रुपयांचे देणे थकले की अर्ज करता येतो. आणि नादार ठरलेल्याने, मुक्ततेचा हुकूम मिळण्यापूर्वी, आपली नादारी न सांगता कोणाकडून 50 रुपयांची उधारी केली, तर सहा महिन्यांपर्यंत कैद! पन्नास रुपयांत हल्ली काय येते, हे पाहुण्यांनी आपल्या वाण्याला विचारावे. दादा साखर घ्यायला जातो तो रोख पैसे मुठीत धरून. हा त्याचा मोकळेपणा.

मालमत्ता न्यायालयाच्या ताब्यात जाते. जप्तीतून वाचतात ती स्वयंपाकाची भांडी, अंगावरचे कपडे, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारे आणि स्त्रीने धर्माप्रमाणे अंगावेगळे करू नयेत असे दागिने. शेतकऱ्याचे राहते घरही कायद्याने वाचवले आहे, आणि ते योग्यच आहे. शहरातल्या दुकानदाराच्या घराला मात्र ते कवच नाही. त्यातून घर गहाण असेल तर बोलायलाच नको. नादारीचा हुकूम गहाणदाराचा हात धरीत नाही, आणि 2002 च्या कायद्याने बँकेला साठ दिवसांची नोटीस देऊन, दावा न लावता, गहाण घर विकता येते. दादाचे घर असेच गेले. तो, वहिनी आणि पोरगा आमच्याकडे आले.

घर विकूनही देणे उरले. आणि येथे मोकळेपणाची खरी गंमत सुरू होते. कर्जाच्या कागदावर वहिनीची सही सहकर्जदार म्हणून होती आणि माझी जामीन म्हणून. वहिनी समजत होती की निम्मे कर्ज तिचे. मी समजत होतो की सही म्हणजे भावाला दिलेला मान. आम्ही दोघेही अडाणी ठरलो. 1872 चा करार कायदा सांगतो की एकत्र कर्ज घेणाऱ्यांपैकी कोणाही एकाकडून सगळी रक्कम मागता येते, आणि जामिनाची जबाबदारी ऋणकोइतकीच. नादाराला मुक्तता मिळाली तरी त्याचे सहकर्जदार आणि जामीन सुटत नाहीत, असे 1920 चा कायदा स्वच्छ म्हणतो. तीन वर्षे झाली, हप्ता माझ्या पगारातून जातो. भरलेले पैसे दादाकडून मागण्याचा हक्क कायद्याने मला दिला आहे. मागू काय? भांडी?

बापाचे ऋण फेडण्याचे मुलावरचे धर्मशास्त्राचे बंधन 2005 साली कायद्याने काढून टाकले. पण पुतण्याच्या शिक्षणासाठी कर्ज मागायला गेलो तेव्हा बँकेने आईबापांची पत यंत्रावर पाहिली आणि फॉर्म परत केला. ही पतीची नोंद निदान सात वर्षे राहते. दुकानाचा हिशेब कधी न पाहिलेली वहिनीही त्या यंत्राच्या लेखी दिवाळखोर.

यावर कोणी म्हणेल, सवलती दिल्या तर जो तो दिवाळे काढील. हा युक्तिवाद बड्या कंपन्यांच्या वेळी कुठे जातो? त्यांच्यासाठी 2016 साली नवी दिवाळखोरी संहिता आली आणि लगोलग अमलात आली. त्याच संहितेत साध्या माणसासाठीही प्रकरणे आहेत. वर्षभराने मुक्तता, बिनगहाण एकुलते राहते घर ठरावीक किमतीपर्यंत सुरक्षित. पण 1 डिसेंबर 2019 पासून ती लागू झाली फक्त कंपन्यांच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांना. दादासारख्यांसाठी ती अजून कागदावरच आहेत. त्यातली गरिबांची 'नवी सुरुवात' पाहावी: वर्षाचे उत्पन्न 60 हजारांच्या आत, मालमत्ता 20 हजारांच्या आत, कर्ज 35 हजारांच्या आत, आणि स्वतःचे घर नको. असा माणूस शोधायला सरकारने दिवा घेऊन निघावे! लबाडाची भीती असेल तर मालमत्ता लपवणाऱ्याला मुक्तता नाकारण्याचा अधिकार न्यायालयाला 1920 पासून आहे. लबाड आणि बुडालेला यांत कायदा भेद करतो. आमचे फराळवाले करीत नाहीत.

आणि हे काही परदेशी खूळ नव्हे. याच मध्यप्रांताने 1933 साली कर्जतडजोड मंडळांचा कायदा केला. सावकार आणि शेतकरी समोरासमोर बसवायचे आणि खरोखर किती फिटेल ते ठरवायचे. नव्वद वर्षांपूर्वी जे शेतकऱ्यासाठी सुचले, ते इतवारीच्या दुकानदारासाठी, त्याच्या बायकोसाठी आणि जामिनासाठी का सुचू नये? सगळ्यांना एका टेबलाशी बसवा, एकच हिशेब करा. एकाला सोडून दुसऱ्याच्या मानगुटीवर बसण्याला सुटका म्हणू नका.

परवा तेच गृहस्थ पुन्हा आले होते. पुतण्याच्या धंद्यासाठी कर्ज काढायचे आहे, जामीन म्हणून माझी सही हवी होती. "नुसती सही आहे जी," म्हणाले. फॉर्म मी ठेवून घेतला आहे. जामिनाचे कलम लाल पेन्सिलीने अधोरेखित केले आहे. या पाडव्याला फराळाच्या ताटाशेजारी तो ठेवणार आहे, आणि त्यांनी ते मोठ्याने वाचल्याखेरीज वहिनी चहा आणणार नाही.