भुताला थांबवता येत नसते!

भुताने माणसाला जागच्या जागी थिजवावे, माणसाने भुताला नव्हे, अशी माझी जुनी श्रद्धा. परवा आमचे चिरंजीव मोबाइलवर भयपट बघत होते. तळहाताएवढ्या पडद्यावर उलट्या पावलांची हडळ उंबरठ्याशी पोचली आणि चिरंजिवांनी अंगठ्याने तिला तिथेच उभी केली. का? तर आईने पोहे आणले! पोहे संपेपर्यंत बिचारी एका पायावर! आमच्या बँकेतले गिऱ्हाईकसुद्धा इतका वेळ मुकाट उभे राहत नाही हो.

१९४९च्या 'महल'मध्ये तर भूतच नव्हते. शेवटी निघाली माळ्याची मुलगी! पण तोवर कमाल अमरोहींनी सावल्या, झोपाळा आणि एक गाणे एवढ्या भांडवलावर छाती धडधडती ठेवली. आता संगणकावर भुताची नखेसुद्धा मोजून घ्यावीत. सगळेच दिसले, तर भ्यायचे कशाला?

"पण घरबसल्या मिळतं ना!" इति चिरंजीव. मिळते, पण मुद्दल मिळते, व्याज बुडते. २०१८चा 'तुंबाड' पुढे घरोघरी फोनवर आला. तरी २०२४ साली पुन्हा थिएटरात लागला, तेव्हा पहिल्या खेपेपेक्षा जास्त गल्ला जमला. लोक काय विकत घ्यायला गेले? अंधार! आणि शेजारच्या अनोळखी माणसाने गिळलेला आवंढा.

भीती हे जॉइंट अकाउंट आहे. एकट्याच्या सहीने निघत नाही.

मीही गेलो होतो. निम्मा सिनेमा डोळे मिटूनच पाहिला. पैसे पुरे वसूल!