ओला पायजमा

यंदा मे महिन्यात आमच्या कन्येने कयाक शर्यतीची तयारी आरंभली. सौ.चा विरोध तिने एका वाक्यात मोडून काढला: "आई, ऑलिंपिकमध्ये बायकांची ५०० मीटरची शर्यत १९४८ पासून आहे!" झाले. रोज पहाटे साडेपाचला मुळेच्या काठी माझी नेमणूक.

होडी कसली, शेवग्याची शेंगच! लांबी ५.२० मीटर, वजन अवघे १२ किलो. ऊन चढून वारा सुटला, की ती डुगडुगलीच. म्हणून ही पहाट. मला वाटे, सारा खेळ दंडांचा. पण शिक्षकांचा घोष एकच, "पाय! पाय!" ज्या बाजूला वल्हे पाण्यात, त्या बाजूचा पाय रेटायचा, कंबरेतून वळायचे, हात निमित्तमात्र.

चौथ्या दिवशी होडी उलटली. तिच्या अंगात जाकीट होते, पोहताही येत होते. तरी मी गुडघाभर पाण्यात शिरलो होतो. (मला पोहता येत नाही, हे मागाहून आठवले.) ती वर आली ती हसतच, वल्हे हातात घट्ट.

"वल्हं सोडलं नाहीस, छान," शिक्षक म्हणाले. "बस पुन्हा."

घरी आम्ही दोघांनी अवाक्षर काढले नाही. दोरीवरचा माझा पायजमा मात्र दुपारपर्यंत ठिबकत होता.