उंदरावर बसण्यापूर्वी

उंदरावर माझा वैयक्तिक राग नाही. प्रत्यक्ष गणपतीचं वाहन ते! पण चौदा विद्या आणि चौसष्ट कला अवगत असलेल्यानं उंदरावर बसावं. वेबसाइटी बांधून पोट भरणाऱ्या आम्हां लिनक्सवाल्यांनी आधी कमांड लाइनची बाराखडी गिरवावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

हे बोललं की चित्रमार्गी मंडळी खवळतात. "जुन्यापुराण्या आज्ञा घोकत बसू? मग बटणं कशाला आहेत?" आता गंमत पाहा. सीपी, एमव्ही, एलएस या आज्ञा युनिक्सच्या १९७१ सालच्या माहितीपुस्तकात आहेत आणि आजही त्याच नावानं हाक मारली की ओ देतात. उलट बटण! नवी आवृत्ती आली की त्याचं बिऱ्हाड हललंच. फोनवर कुणाला सांगून बघा. "वर उजवीकडे दातेरी चाक आहे ना, ते दाबा." "इथं चाक नाही हो, तीन रेघा आहेत!" झालं! पुढची वीस मिनिटं चाकाचा शोध. त्यापेक्षा एक ओळ लिहून पाठवा. पुढल्या महिन्यात लागली तर तीच ओळ तयार. क्लिक कुणी डबीत जपून ठेवलाय?

आणि वेबसाइट राहते कुठं? दूरदेशीच्या सर्व्हरवर. त्या बापड्याला बहुधा पडदाच नसतो. बटण उमटणार कुठं? तिथं १९९५ साली आलेलं एसएसएच घेऊन शब्दांनीच शिरावं लागतं. रात्री दोन वाजता साइट आडवी झाली, की नोंदींच्या लाखभर ओळींतून नेमक्या चुका ग्रेपनं वेचाव्या, १९७३ पासून चालत आलेल्या पाइपमधून सॉर्टच्या ओंजळीत टाकाव्या. उंदीरवाला तोवर पानंच सरकवत असतो.

"पण आरएम न विचारता फायली पुसते!" पुसते की. आणि 'खात्री आहे का?' विचारणारी खिडकी आपण वाचतो? 'होय' दाबून मोकळे होतो!

रंग निवडणं, फोटो कातरणं ही कामं डोळ्यांची. तिथं उंदीर खुशाल फिरवावा. मेनूकार्डावर बोट ठेवून मिसळ मागवता येते; पण "तर्री कमी, पाव दोन, कांदा वेगळा" हे बोटानं सांगून दाखवा! त्याला जीभच लागते. आणि ती भूक लागायच्या आधी शिकलेली बरी.