फिल्मचा कॅमेरा की मिररलेस? आधी प्रश्न सांगा!

तुमच्या शाळेच्या प्रयोगशाळेतील जुने कपाट कधी उघडून पाहिले आहे काय? पुष्कळ शाळांच्या कपाटांत फिल्मवर चालणारा एखादा कॅमेरा धूळ खात पडलेला असतो. तो मोडीत काढावा आणि वर्गणी जमवून नवा मिररलेस डिजिटल कॅमेरा घ्यावा, असा विचार मग कोणीतरी मांडतो. उलट, ‘फिल्मची सर डिजिटलला यायची नाही’ असे ठासून सांगणारे हौशी छायाचित्रकारही भेटतात. या वादात विज्ञानाच्या विद्यार्थ्याने कोणाची बाजू घ्यावी? माझे मत आधीच सांगून टाकतो. मोजमाप करावयाचे असेल तर डिजिटल; कॅमेरा समजून घ्यावयाचा असेल तर फिल्मचा; आणि या दोहोंच्या आधी प्रश्न. आता याची कारणे पाहू.

मुळात दोन्ही कॅमेरे म्हणजे एक काळोखी पेटी. पुढे भिंग, प्रकाश कमीजास्त करणारे छिद्र आणि ठरावीक वेळच उघडणारी झडप, म्हणजे शटर. फरक आहे तो मागच्या बाजूस. फिल्मवर चांदीच्या क्षारांचे बारीक स्फटिक असतात. प्रकाश पडलेल्या स्फटिकांचे डेव्हलपरमध्ये काळ्या चांदीत रूपांतर होते आणि उरलेले क्षार हायपो धुऊन काढतो. डिजिटल कॅमेऱ्यात त्या जागी सिलिकॉनचा संवेदक, म्हणजे सेन्सर, असतो. त्याच्या लक्षावधी कप्प्यांत प्रकाशामुळे विद्युतभार साठतो आणि तो अंकांत मोजला जातो.

मग ‘मिररलेस’ म्हणजे काय? एसएलआर जातीच्या कॅमेऱ्यात भिंगातून आलेले दृश्य डोळ्यापर्यंत पोचविण्यासाठी ४५ अंशांत एक आरसा बसविलेला असतो. बटण दाबताच तो वर उचलला जातो. मिररलेसमध्ये सेन्सर स्वतःच दृश्य छोट्या पडद्यावर दाखवीत राहतो, तेव्हा आरशाची गरजच उरत नाही. २००८ साली पॅनासोनिकने असा जी-१ हा कॅमेरा आणला आणि मग ही जात झपाट्याने पसरली. पण आरसा नसणे ही काही नवी करामत नव्हे. तुमच्या आजोबांच्या काळी घरोघरी दिसणाऱ्या आग्फाच्या ‘क्लिक थ्री’ या कॅमेऱ्यातही आरसा नव्हता. त्या अर्थाने तोही मिररलेसच! तेव्हा नावाने भुलून जाऊ नका. खरा सामना फिल्म आणि सेन्सर यांचा आहे.

या सामन्यात मोजमापापुरता सेन्सर स्पष्टपणे जिंकतो. फिल्मवर शंभर प्रकाशकण पडले तर त्यांतील जेमतेम दोन-चारांची नोंद होते. चांगला सेन्सर निम्म्याहून अधिक नोंदवितो. शिवाय सेन्सरवर दुप्पट प्रकाश पडला तर आकडाही दुप्पट येतो. फिल्मचे तसे नाही. फार मंद प्रकाशात ती जणू थकते आणि वेळ दुप्पट दिला तरी काळेपणा त्या प्रमाणात वाढत नाही. सीसीडी हा सेन्सर १९६९ साली बॉइल आणि स्मिथ यांनी शोधला. २००९ साली त्यांना त्याबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले. खगोलशास्त्रज्ञांनी आपल्या छायाचित्रणाच्या काचपट्ट्या याच गुणांसाठी बाजूस ठेवल्या. मात्र एक पथ्य पाळा. कॅमेरा किंवा मोबाइल जे तयार चित्र देतो, त्यात त्याने परस्पर उजळपणा, रंग, रेखीवपणा बदललेला असतो. मोजमापाला ‘रॉ’ ही कच्ची नोंदच घ्यावी.

“म्हणजे डिजिटल चित्र हे गणितच की! ते खरे कसे?” असा आक्षेप फिल्मवाले घेतात. त्याचे उत्तर जुन्नर तालुक्यात, नारायणगावजवळच्या खोडद येथे उभे आहे. तेथील जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप, म्हणजे जीएमआरटी, हा एका परीने भला मोठा कॅमेराच. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून साकार झालेल्या या दुर्बिणीत प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या सुमारे २५ किलोमीटर परिसरात पसरल्या आहेत. रेडिओ लहरींचा ठसा फिल्मवर उमटत नाही. म्हणून तबकड्यांच्या जोड्या लावतात. ३० तबकड्यांच्या जोड्या ४३५ होतात, हे तुम्ही स्वतः ताडून पाहा. प्रत्येक जोडीतील दोन संकेतांची तुलना करून संगणक आकाशाचे चित्र रचतो. येथे सगळे चित्रच गणिताने सिद्ध होते, तरी त्यावर जगभरचे शास्त्रज्ञ विश्वास ठेवतात. का? कारण गणिताची प्रत्येक पायरी त्यांना ठाऊक असते. गणित केल्याने चित्र खोटे ठरत नाही. गणित कोणते केले हे माहीत नसेल, तर मात्र त्या चित्राचा भरवसा धरता येत नाही.

याच दुर्बिणीपाशी उलट बाजूही दिसते. डिजिटल कॅमेऱ्यातील इलेक्ट्रॉनिक मंडले सेकंदाला कोट्यवधी ठोके देत चालतात आणि त्यांतून थोड्या रेडिओ लहरी बाहेर निसटतात. आकाशातून येणारे संकेत इतके क्षीण असतात की जवळची असली कुजबुजही त्यांना बुडवून टाकू शकते. म्हणूनच खोडदच्या आवारात मोबाइल बंद ठेवावा लागतो. अमेरिकेत ग्रीन बँक येथील रेडिओ दुर्बिणीच्या अगदी जवळ डिजिटल कॅमेरा नेण्यास बंदी आहे. साधा फिल्मचा कॅमेरा मात्र चालतो! स्प्रिंगांवर आणि दात्यांच्या चाकांवर चालणारा कॅमेरा रेडिओ लहरींच्या दृष्टीने मुका असतो. चांगला कॅमेरा कोणता, हे कामाप्रमाणे आणि जागेप्रमाणे ठरते ते असे.

आता तो कपाटातला कॅमेरा बाहेर काढा. रोल आणू नका. रोल आणि धुलाई मिळून खर्च सहज हजार रुपयांच्या घरात जातो आणि शाळेला तो झेपणारा नाही. कॅमेऱ्याचे मागचे झाकण उघडा आणि फिल्मच्या जागी ट्रेसिंग पेपरचा तुकडा हलकेच धरा. झडपेच्या पडद्यास बोट लागू देऊ नका. झडपेची चकती ‘बी’ या खुणेवर ठेवून बटण दाबून धरले की खिडकीबाहेरचे झाड कागदावर उलटे उमटेल. छिद्राचा आकडा ४ वरून ८ वर न्या. व्यास निम्मा, क्षेत्रफळ चतुर्थांश, आणि चित्र तेवढेच मंद! पुस्तकातील भिंगाचा धडा येथे हातात येतो. बंद पेटीच्या डिजिटल कॅमेऱ्यात हे करून पाहता येत नाही. म्हणून हा कॅमेरा मोडीत काढणे म्हणजे एक चांगले उपकरण फुकट घालविणे होय, असे मी शिक्षकबंधुभगिनींना आग्रहाने सांगेन.

उपकरण न समजता वापरले तर ते फसविते. फिरत्या पंख्याचा फोटो मोबाइलने काढा. पाती वाकडी दिसतील. पाती वाकलेली नसतात. सेन्सर चित्र एकदम न वाचता ओळीओळीने वाचतो आणि तेवढ्या वेळात पाते पुढे सरकते. झडपेचे काम ज्याने उघड्या कॅमेऱ्यात पाहिले आहे, त्याला हे कोडे लवकर सुटेल.

‘३६ फोटोंच्या रोलने शिस्त लागते’ असेही म्हणतात. पण शिस्त रोलमध्ये नसते, नोंदवहीत असते. दादासाहेब फाळके यांनी १९१२ साली वाटाण्याच्या अंकुराची वाढ रोज थोडी थोडी चित्रित करून पडद्यावर दाखविली. आज तेच काम साधा मोबाइल करील. रोज ठरल्या वेळी, ठरल्या जागेवरून ते करण्याची चिकाटी मात्र तुमचीच लागेल.

आणि वर्गणीचे काय? पन्नास हजारांच्या वरचा मिररलेस घेण्याआधी एक प्रयोग करा. काळ्या पडद्यापुढे फूटपट्टी उभी करा आणि पांढरा चेंडू वरून सोडा. मोबाइलमध्ये झडपेचा वेळ १/३० सेकंद ठेवा. ४५ सेंटीमीटर खाली आल्यावर चेंडूचा वेग सेकंदाला सुमारे ३ मीटर असतो, म्हणजे फोटोत जवळजवळ १० सेंटीमीटरचा पट्टा उमटावयास हवा. उमटतो का? नसेल तर का नाही? या प्रश्नांचा पाठपुरावा करताना मोबाइल अपुरा पडला, तरच नव्या कॅमेऱ्याची मागणी करा. आणि त्या अर्जात तो कशासाठी हवा हे आकड्यांनिशी लिहा. तसा अर्ज घेऊन येणाऱ्या विद्यार्थ्याला कोणताही कॅमेरा द्या, तो त्याचे सोने करील.