एजन्सीतून नोकरी घ्या, पण हक्क सोडू नका

माझी पहिली नोकरी कन्सल्टन्सीतून लागली. एका बँकेच्या बॅक ऑफिसात बसायचो. काम बँकेचं, साहेब बँकेचे, पगार मात्र दुसरीच कंपनी द्यायची. आमच्या ओळखपत्राची दोरी वेगळ्या रंगाची होती, त्यामुळे ऑन-रोल कोण आणि ऑफ-रोल कोण हे लिफ्टमध्येच कळायचं. आई शेजारी सांगायची, 'पोरगा बँकेत लागला.' मी काही बोलायचो नाही. अकराव्या महिन्यात आमच्यातल्या सहा जणांना 'उद्यापासून येऊ नका' असं सांगण्यात आलं. बँक म्हणाली, एजन्सीला विचारा. एजन्सी म्हणाली, बँकेनेच माणसं कमी केली. त्या सहांत मीही होतो.

तरीही एजन्सीकडे जाऊ नका, असं मी म्हणणार नाही. ज्यांच्या घरात पूर्वीपासून साहेब आहेत, त्यांची पोरं काकांच्या किंवा वडिलांच्या मित्राच्या शब्दावर आत जातात. घरातले पहिले पदवीधर असलेल्या आपल्याकडे ती ओळख नसते. एजन्सीचं दार निदान उघडं असतं, आणि पहिल्या पगाराची घाई आपल्याच घरात सगळ्यात जास्त असते. पण दारावर कोण बसलंय आणि तो कशावरून माणसं निवडतो, हे विचारायला हवं.

हा प्रश्न जुना आहे. मुंबईच्या गिरण्यांत भरती जॉबरच्या हातात होती. तो आपल्या गावची, आपल्या जातीची माणसं भरायचा आणि दस्तुरी घ्यायचा. जास्त पगाराचं विणकाम खातं अस्पृश्यांना बंद होतं, कारण तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागे आणि त्याचा विटाळ सवर्ण कामगारांना चालत नव्हता. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी ही बंदी उठवण्याची मागणी पुढे रेटली. पुढे १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. त्याच काळात, १९४५ मध्ये, देशात सरकारी रोजगार विनिमय केंद्रांची यंत्रणा उभी राहिली. काम शोधणारा आणि काम देणारा यांच्यामध्ये मुकादमाऐवजी सरकारी नोंदवही आली. आज ती केंद्रं नावापुरती उरली आहेत आणि मधली जागा पुन्हा खाजगी मध्यस्थाकडे गेली आहे.

त्या जागेवर जात चालते का? सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी २००७ मध्ये 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त प्रसिद्ध केलेला अभ्यास पाहा. खाजगी कंपन्यांच्या जाहिरातींना त्यांनी सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले. फरक फक्त नावात होता. उच्चजातीय हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाच्या अर्जाला पुढचं बोलावणं येण्याची शक्यता सुमारे दोन-तृतीयांश निघाली. मी कन्सल्टन्सीत भरलेल्या फॉर्मवर 'फॅमिली बॅकग्राउंड'चा रकाना शिक्षणाच्या रकान्यापेक्षा मोठा होता. वडिलांचा व्यवसाय, मूळ गाव, भावंडं काय करतात. डेटा एंट्रीच्या कामाला हे कशाला लागतं, हे तेव्हा विचारायचं सुचलं नाही.

खाजगी नोकरीपेक्षाही मोठा खड्डा सरकारी कार्यालयात पडतो आहे. संविधानाच्या कलम १६(४) मधलं आरक्षण राज्याच्या सेवेतल्या पदांसाठी आहे. तीच खुर्ची, तोच संगणक, तेच काम एजन्सीकडे दिलं, की तिथे बसणारा माणूस कागदोपत्री एजन्सीचा होतो. आरक्षण रद्द केल्याचा एकही आदेश न काढता आरक्षित जागा नाहीशी होते. महाराष्ट्र सरकारने ६ सप्टेंबर २०२३ रोजी नऊ एजन्सींमार्फत कंत्राटी भरतीचा शासन निर्णय काढला. तरुणांचा संताप इतका होता की ऑक्टोबरमध्ये तो मागे घ्यावा लागला. म्हणजे एकत्र बोललं तर फरक पडतो. पण वेगवेगळ्या खात्यांतली कंत्राटी भरती त्याने थांबलेली नाही.

यावर उपाय नाही असंही नाही. कर्नाटकाने २०२४ मध्ये आउटसोर्स भरतीत आरक्षण पाळण्याचा आदेश काढला. उत्तर प्रदेशच्या मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये आउटसोर्स सेवा निगमाला मंजुरी दिली, त्यातही आरक्षणाची तरतूद आहे. अंमलबजावणीवर नजर ठेवावी लागेलच. पण तत्त्व मान्य झालं आहे: जिथे पगार जनतेच्या पैशातून जातो, तिथे प्रतिनिधित्वाचा नियम कंत्राटासोबत गेलाच पाहिजे. ही मागणी प्रत्येक राज्यात करायला हवी.

तोवर जे उद्याच एखाद्या एजन्सीच्या ऑफिसात जाणार आहेत, त्यांच्यासाठी माझ्या ठेचांमधून आलेल्या चार गोष्टी.

नोकरी लावण्यासाठी पैसे देऊ नका. स्टाफिंग एजन्सी आपलं शुल्क कंपनीकडून घेते. नोंदणी, ट्रेनिंग, डिपॉझिट अशा नावाखाली तुमच्याकडे मागणी झाली, तर उठून या. मूळ प्रमाणपत्रं कुणाच्याही ताब्यात देऊ नका.

नेमणूकपत्र लेखी घ्या आणि त्यावर मालक म्हणून कोणाचं नाव आहे ते वाचा. अनुभवपत्रात प्रत्यक्ष कुठे आणि कोणतं काम केलं हे लिहून मागा, नाहीतर पुढच्या मुलाखतीत फक्त एजन्सीचं नाव उरतं.

यूएएन स्वतः सुरू करा आणि दर महिन्याला पीएफचं पासबुक पाहा. तुमचे बारा टक्के कापले, पण भरले का? मालकाचा वाटा आला का? पगार एकवीस हजारांपर्यंत असेल, तर ईएसआयचंही विचारा.

पगार थकला, तर 'एजन्सीला विचारा' हे उत्तर ऐकून परतू नका. कंत्राटदाराने कामगाराचा पगार दिला नाही, तर तो देण्याची जबाबदारी मूळ मालकावर येते. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात हे होतं, त्याच्या जागी आलेल्या श्रमसंहितेतही आहे. अर्ज लेखी द्या, पोच घ्या.

आम्ही सहा जण त्या दिवशी सहा वेगवेगळ्या बस पकडून घरी गेलो. एकमेकांचे नंबर होते, पण कुणी कुणाला फोन केला नाही. प्रत्येकाला वाटत होतं, आपणच कमी पडलो. ती चूक तुम्ही करू नका. कमी तुमच्यात नव्हतं, कमी त्या कागदात होतं. तो कागद बदलायचा तर आधी एकमेकांना फोन करावा लागेल.